निळं फाटक

मंदाने पलंगाखालून सुपारीच्या दोन विऱ्या ओढून काढल्या. एक दारात वाट पाहत उभ्या असलेल्या नवसीच्या हातात दिली आणि दुसरी उत्कर्षाच्या पुढ्यात, चहाच्या कपाशेजारी फरशीवर ठेवली.

"ही तुमची," ती म्हणाली. "काकींनी दिली हाय."

सुपारीची झावळी गळते तेव्हा तिच्या बुडाचा रुंद, चामड्यासारखा भाग तिच्यासोबत येतो, ती विरी. पानं छाटून दांडा तेवढा ठेवला की तिची बिनचाकाची गाडी होते. एकाने बसायचं, दुसऱ्याने ओढायचं. बोईसरच्या या चाळीत, जिथून खिडकीबाहेर फक्त पत्र्याची छपरं आणि कारखान्यांची धुराडी दिसत, ही वस्तू यायचं काही कारण नव्हतं. कुणाकडून काही घ्यायचं नाही हा संस्थेचा नियम. तो न दुखावता सांगायचं एक वाक्य उत्कर्षाकडे तयार असायचं. ते तोंडाशी आणत तिने विचारलं,

"कोणत्या काकी?"

"तुमच्या. केळव्याच्या. भागुकाकी."

नकार देण्यासाठी आणलेलं हसू उत्कर्षाच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते आता कसं उतरवायचं हे तिला कळेना. तिने हातातल्या पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

बाहेर गॅलरीत नवसी विरीवर मांडी घालून बसली होती. शेजारच्या मुलीने दांडा धरून ओढायला सुरुवात केली आणि फरशीवरून खर्रर्र असा लांब आवाज गेला. आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला.  हा आवाज उत्कर्षाला माहीत होता. मातीवरचा, याहून मऊ. तो आपल्याला माहीत आहे हेच तिला आतापर्यंत माहीत नव्हतं.

"तुम्ही केळव्याला गेला होतात?"

"रविवारी. तिघंबी. ह्यांच्या गाडीवर."

मंदा एवढं बोलून कप उचलायला वाकली, जणू बाकीचं सांगायला सवड आहे.

उत्कर्षा पालघरच्या एका संस्थेत मानसशास्त्रज्ञ होती. बालकल्याण समिती काही मुलं तात्पुरती दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला देते. अशा घरांना भेटी देणं, मुलांपेक्षा त्यांना सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांशी बोलणं हे तिचं काम. मंदा आणि तिचा नवरा पुंजाराम मूळचे परभणीकडचे. तो तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. त्यांना मूल नव्हतं. नवसी त्यांच्याकडे आली तेव्हा पाच वर्षांची होती, आता सात उलटून गेली होती. तिची आई राहीबाई जव्हारकडच्या एका पाड्यावरची. धाकटं बाळ गेल्यावर राहीबाईचं बोलणं थांबलं, मग खाणं, मग ती घरातून निघून जाऊ लागली. दवाखाना, गोळ्या, भावाचा आधार असं करत ती आता सावरली होती. महिन्याच्या भेटीला ती पालघरच्या ऑफिसात यायची आणि लेकीकडे बघत नुसती बसायची. नवसी मंदाच्या पदराआडून तिच्याकडे बघायची. समितीने निर्णय दिला होता. येत्या गुरुवारी नवसीला आईच्या स्वाधीन करायचं.

आणि मागच्या मंगळवारी, याच खोलीत, मंदा म्हणाली होती की ती गुरुवार उजाडूच देणार नाही. बुधवारीच लेकराला घेऊन परभणीची गाडी धरणार. तिकडे तिची बहीण आहे. पोलीस येतील तर येऊ देत.

उत्कर्षाने तिला समजावलं होतं. समजावण्याच्या सगळ्या पद्धती वापरून झाल्यावर मंदा तिच्याकडे बघत राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

"तुम्हाला लेकरू हाय का, मॅडम?"

"नाही."

"मग तुमचं आपलं पुस्तकातलं हाय सगळं."

यात रागही नव्हता. भाजी शिळी आहे हे सांगावं तसं तिने ते सांगितलं होतं. मग उत्कर्षाने जे भेटीला गेलेल्या कुठल्याही घरी कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"मला मूल नाही. पण मी नवसी होते."

मग थोडक्यात बाकीचं. वडील ती चार वर्षांची असताना अपघातात गेले. आई केळव्याच्या शाळेत शिक्षिका होती आणि शितलादेवीच्या देवळामागे एका वाडीत भाड्याने राहायची. वडील गेल्यावर आईने अंथरूण धरलं. मामा बहिणीला पालघरला घेऊन गेले. मुलीला नेलं नाही. ती वाडीच्या मालकिणीपाशी, भागुकाकींपाशी राहिली. सात वर्षांची झाल्यावर आई बरी होऊन तिला न्यायला आली. ते तिला स्वच्छ आठवत होतं. निळं फाटक, फाटकापाशी पिवळ्या साडीतली आई. दोनेक दिवस ती रडली असेल. मग नवी शाळा, नव्या मैत्रिणी. पुढे नाशिक. मुलं सावरतात, मंदाताई. मी सावरले की नाही? नवसीही सावरेल.

मंदाने सगळं ऐकून घेतलं होतं.

"आन् त्या काकी?"

"काय?"

"त्या सावरल्या का?"

"बऱ्या असतील," उत्कर्षा म्हणाली होती.

'असतील' हा शब्द मंदाने ऐकला आणि ती भिंतीकडे बघू लागली. त्या दिवशी निघताना उत्कर्षाला वाटलं होतं की आपलं बोलणं लागू पडलं.

संध्याकाळी तिने डॉ. हेतलना फोन केला. नवीन लोकांचं काम त्या तपासत आणि स्वतःबद्दल काही सांगितलं तर ते त्यांच्या कानावर घालायचं अशी रीत होती. हेतल रागावल्या नाहीत. रसायनाच्या प्रयोगशाळेत नवख्या मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, किती घातलंस? मग म्हणाल्या, सांगणं चूक नसतं. पण ते कुणासाठी सांगितलंस?

"मंदासाठी," उत्कर्षाने लगेच उत्तर दिलं.

"घाई नको. विचार करून सांग," त्या म्हणाल्या. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती. आपण एखादी गोष्ट दिली की ती समोरच्याची होते. तो तिचं काय करील हे आपल्या हातात राहत नाही.

आता ती गोष्ट केळव्याला जाऊन परत आली होती.

मंदा कप विसळून आली आणि पदराला हात पुसत समोर बसली. रविवारचं ती सांगू लागली. आधी तिला एकटीलाच जायचं होतं. पण पुंजाराम म्हणाला, कुणाच्या दारात जाऊन काय इचारणार तू, मीबी येतो. नवसीला कुठे ठेवणार? म्हणून तिघं. पालघरजवळच्या माहीमवरून पुढे गेल्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग, समुद्रावर घोडे आणि उंट. परभणीच्या माणसाला उंटाचं काय कौतुक, पण पुंजाराम थांबून बघत राहिला. देवळामागे विचारलं तर शहाळीवाल्याने न विचारताच हात दाखवला. जेवायचं ना? भागुकाकींकडे जा, कोलंबी घ्या.

वाडीत चार-पाच टेबलं मांडली होती. सत्तरीची एक बारीक, ताठ बाई चुलीपाशी होती. तिने वळून न बघताच विचारलं, किती जण, मासे की शाकाहारी. मंदा काही बोलायच्या आत पुंजारामने तीन बोटं दाखवली. त्याने कोलंबी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. ती सोलून खायची असते हे नवसीने सांगेपर्यंत दोन सालासकट पोटात गेल्या होत्या. काकी हसल्या. नवसीच्या ताटात आणखी वाढता वाढता त्यांनी विचारलं, पोरगी तुमची का.

"मी म्हणलं, माझी न्हाई, सांभाळायला हाय." मंदा थांबली. "त्यांचा हात तिथंच थांबला बगा. पळीतनं रस्सा गळत होता. म्हणल्या, म्हंजे परत द्यायची हाय. इचारलं न्हाई त्यांनी. नुसतं म्हणल्या."

गॅलरीतून खर्रर्र आवाज आला आणि गेला. नवसी ओरडली, "आता मी ओढते, तू बस!"

"मग मी तुमचं नाव घेतलं," मंदा म्हणाली. "त्या म्हणल्या, उत्कर्षा कोन? मला वाटलं चुकीच्या घरी आलो. मग त्या एकदम खाली बसल्या. म्हणल्या, उत्तू. आमी तिला उत्तू म्हनायचो. तिला सोताचं नाव बोलता यायचं नाय."

उत्कर्षाने पेन खाली ठेवलं. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. मामा त्याआधीच गेले. या नावाने हाक मारणारं माणूस जगात आहे ही गोष्ट तिला ऐन दुपारी, दुसऱ्याच्या घरात, एका बाईच्या तोंडून कळत होती, जिच्या घरी ती दर मंगळवारी तिला धीर द्यायला येत होती.

"मंदाताई," ती म्हणाली, "तुम्ही का गेलात?"

मंदाला हा प्रश्न विचित्र वाटलेला दिसला.

"तुम्ही लेकराचं सांगितलं. लेकरू सावरतं. मला लेकराचं कुठं इचारायचं होतं? मला त्या बाईचं इचारायचं होतं. तुम्हाला ठावं नव्हतं. मग मी गेले."

उत्कर्षाला हेतलचा प्रश्न आठवला आणि त्याचं उत्तरही त्याच क्षणी समोर आलं, इतकं साधं की तिचे कान तापले. सांभाळणाऱ्या बाईला तिने सांभाळल्या गेलेल्या मुलीची गोष्ट सांगितली होती. त्या गोष्टीत मंदासाठी जागाच नव्हती.

"काकी कशा आहेत?" तिने विचारलं.

"हायेत. कामात हायेत." मंदाने विरीचा दांडा बोटाने सरळ केला. मग मान वर न करता म्हणाली, "मॅडम, तुम्ही फाटक म्हणला होतात. निळं."

"हो."

"मी ते हुडकत होते. पार आळीच्या तोंडापासनं. म्हणलं, निळं फाटक दिसलं की तेच घर. एकबी निळं न्हाई. जेवण झाल्यावर काकींना इचारलं, तुमचं फाटक कवा काढलं? त्या म्हणल्या, आमच्या वाडीला फाटक कदी नव्हतंच. दोन बांबू आडवे, ढोरं शिरू नयेत म्हणून. आजून तेच हायेत. मी बघितले."

"असेल. पंचवीस वर्षांच्या वर झाली. मी लहान होते."

"निळं फाटक तुमच्या मामांच्या घराला होतं म्हणे. पालघरला."

ते घर मामांनी ती आठ वर्षांची असताना विकलं होतं. उत्कर्षाने ते आठवायचा प्रयत्न केला. एक ओटा आठवला, एक पाण्याची टाकी. फाटक आठवलं तर ते केळव्याचं, आणि त्यापाशी पिवळी साडी.

"आई मला न्यायला आली होती, केळव्याला," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच हट्टी मुलीसारखा वाटला.

 नाही म्हणायचं मंदाच्या जिवावर आलं होतं. तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला.

"पुढचं सांगू का? ह्यांनी नको म्हणलंय. म्हणले, मॅडमचं मॅडमपाशी राहू दे."

समोरच्याने असं अडखळून विचारलं की काय म्हणायचं हे उत्कर्षाला शिकवलेलं होतं. आवाज कसा ठेवायचा, हात कुठे ठेवायचे, हेही.

"सांगा," ती म्हणाली. हात कुठे ठेवावेत ते तिला सुचलं नाही.

मंदाने सांगितलं. आई कधीच न्यायला आली नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, लेक आहे हेही तिच्या लक्षात नसायचं. पहिली दोन वर्षं काकींनी वाट पाहिली. मग दर रविवारी त्या पोरीला घेऊन पालघरला जाऊ लागल्या. जाताना डबा न्यायच्या. आईचे केस विंचरायच्या, तिला बसती करायच्या, पोरीला तिच्या पायाशी बसवायच्या आणि संध्याकाळी परत घेऊन यायच्या. मामांना ते आवडत नसे. शेजारी हसत. लोक आपली पोर दुसऱ्याच्या गळ्यात बांधतात, ही गळ्यातली परत द्यायला निघालीय. असं वर्षभर. एका रविवारी आई उठून बसली आणि तिने पोरीची वेणी घातली. वाकडी घातली, अर्धे केस बाहेर. काकींनी ती सोडून नीट घातली नाही. त्या दिवशी त्या एकट्याच परत गेल्या.

"मला म्हणल्या, वाकडी होती पन तिच्या हातची होती."

उत्कर्षा ऐकत होती, पण थोड्या अंतरावरून ऐकावं तसं. आई बरी झाली आणि आली, या एका वाक्यावर तिने पुष्कळ काही उभं केलं होतं. नोकरीसाठी दिलेल्या मुलाखतीत ते होतं. आईशी कधीही भांडली नाही यामागे ते होतं. आजारी माणसं परत येतात हा तिचा विश्वास, ज्याच्या बळावर तिने राहीबाईच्या बाजूने समितीला अहवाल दिला होता, त्याच्याही तळाशी तेच होतं. आई त्या काळाबद्दल कधी बोलली नव्हती. ते न बोलणं उत्कर्षाने तिचं दुःख मानलं होतं.

"मग काकी परत कधी आल्या नाहीत?"

"आल्या की. दर रविवारी येत होत्या. फाटकाबाहेरनं बघून जायच्या." मंदाने आता थेट तिच्याकडे पाहिलं. "मग एका रविवारी तुम्ही फाटकाशी आलात. म्हणलात, तू आता येऊ नको. तू आलीस की आई परत झोपते."

गॅलरीतला आवाज थांबला होता. शेजारणीने मुलीला हाक मारून आत नेलं असावं.

"पिवळी साडी काकींची होती," मंदा म्हणाली. "सणाची. मुद्दाम नेसून गेल्या होत्या."

उत्कर्षाने डोळे मिटले नाहीत, तरी तिला ते दिसलं. निळं फाटक, पत्र्याचं, रंगाचे पोपडे निघालेले. पलीकडे पिवळी साडी. हे तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यात आणखी काही असेल असं कधी वाटलं नव्हतं. आता तिला कडी दिसली. लोखंडी, गार, बोटांना गंजाचा वास देणारी. कडी तिच्या बाजूला होती. लावलेली होती. आणि तिचा हात तिच्यावर होता.

न्यायला आलेल्या आईसाठी कुणी फाटकाला आतून कडी लावत नाही.

"मॅडम, पाणी देऊ?"

तिने मान हलवली. मंदाने पाणी आणून दिलं.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," मंदा म्हणाली. "काकींना काय बी वाटलं न्हाई. त्या म्हणल्या, पोरीला कळत होतं, आईला जपत होती. आमी आयकलं तिचं." थोडं थांबून ती म्हणाली, "म्या रडले तिथं. ह्यांनी बी तोंड फिरवलं. आमाला वाटलं नव्हतं असं काय निघंल. आमी आपलं इचारायला गेलो होतो, पोर गेल्यावर बाई कशी जगते."

पेला दोन्ही हातांत धरून उत्कर्षा बसून राहिली. दारात नवसी आली, घामाने कपाळावर केस चिकटलेले, विरी खांद्यावर घेतलेली. तिने एकीकडून दुसरीकडे पाहिलं.

"मॅडमला काय झालं?"

"काय न्हाई. हातपाय धू जा."

नवसी मोरीत गेली. पाण्याचा आवाज येईपर्यंत मंदा थांबली आणि मग उत्कर्षाच्या कानाशी वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाली,

"एवढं सांगा. तुम्ही शिकलेल्या हायेत आन् तुम्ही तिच्या जागी बी होता. ही मला कवा म्हणंल? येऊ नको म्हणून?"

उत्कर्षाकडे या प्रश्नाची उत्तरं होती. मुलाची निष्ठा दोन घरांत कशी वाटली जाते यावर तिने निबंध लिहिला होता. त्यातलं एकही वाक्य आता बोलता येण्यासारखं नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणेल कदाचित. आणि म्हणाली हे विसरूनही जाईल."

मंदाने मान डोलावली. हे उत्तर तिला पटलेलं दिसलं. शिळ्या भाजीचा तो जुना सूर आता तिच्या आवाजात नव्हता.

"परभणीचं?" उत्कर्षाने विचारलं.

"तिकीट काढलंच न्हाई. हे म्हणले, आधी बुधवार येऊ दे." ती उठली. "गुरुवारी किती वाजता यायचं?"

गुरुवारी पालघरला ऑफिसबाहेरच्या बदामाच्या झाडाखाली राहीबाई आणि तिचा भाऊ भिका सकाळपासून येऊन बसले होते. राहीबाईने नवी साडी नेसली होती, तिच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. आत सह्या झाल्या. समितीच्या बाईंनी नवसीला विचारलं, आईकडे जायचं ना, आणि नवसीने होकार दिला, खाली बघत. उत्कर्षा भिंतीशी उभी होती. मंगळवारपासून तिला नीट झोप नव्हती. ती नवसीचे हात बघत होती, मंदाच्या पदराचं टोक धरलेले.

पुंजाराम सुट्टी टाकून आला होता. त्याने नवसीचं दप्तर भिकाच्या हातात दिलं, विरीही दिली. भिकाने विरी उलटसुलट करून पाहिली आणि हसला.

"ही आमच्या उतारावर चांगली पळंल," तो म्हणाला.

मग मंदा राहीबाईसमोर जाऊन उभी राहिली. उत्कर्षा दोन पावलं पुढे झाली. काही घडलं तर आवरायला ती तिथे असणं तिचं काम होतं. मंदाने पिशवीतून कंगवा काढला, त्यात अजून नवसीचे केस अडकलेले होते, आणि तो राहीबाईच्या हातात दिला. नवसीने पदर सोडला होता. तिचे केस आज मोकळेच होते. मंदाने सकाळी वेणी घातली नव्हती.

राहीबाई तिथेच झाडाखाली बसली, लेकीला पुढ्यात घेतलं आणि वेणी घालू लागली. तिचे हात थरथरत होते, गोळ्यांमुळे थरथरत असत. भांग वाकडा पडला. मंदाने तो तसाच राहू दिला.

वेणी झाल्यावर मंदा म्हणाली, "मी येत जाईन, बाई. रविवारी. दर रविवारी जमणार न्हाई, पण येईन."

"ये," राहीबाई म्हणाली. उत्कर्षाने तिचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. "घर लांब हाय. पन ये."

"ही मला एक दिवस म्हणंल, येऊ नको." मंदाने नवसीकडे पाहिलं नाही. "म्हणली तर म्हणू दे. काकींनी आयकलं. मी न्हाई आयकायची."

राहीबाईला यातलं काकींचं काही कळलं नाही. तरी तिने मान हलवली.

ते तिघं एसटी स्टँडकडे चालू लागले. नवसी वळली नाही. वळणापाशी भिकाने तिला विरी दिली आणि ती तिने डोक्यावर घेतली, उन्हासाठी. मग दिसेनाशी झाली. पुंजाराम गाडी आणायला गेला तो बराच वेळ आला नाही. गाडी तर समोरच लावलेली होती.

मंदा पायरीवर बसली. तिचे रिकामे हात मांडीवर उताणे पडले होते. उत्कर्षा तिच्याशेजारी बसली. आता काहीतरी आधाराचं बोलायची वेळ होती. मंदाच बोलली.

"एक खोटं बोलले मी, मॅडम. काकींनी इचारलं, उत्तूनं धाडलं का तुमाला? मी हो म्हणले."

उत्कर्षाने वळून तिच्याकडे पाहिलं.

"काय म्हणणार? कोलंबीचे पैसे बी घेतले न्हाईत मग त्यांनी. आन् इचारलं, ती कवा येनार. मी म्हणले, या रविवारी."

रस्त्यावरून एक ट्रक गेला.  उत्कर्षाच्या पिशवीतून तिच्या विरीचा दांडा बाहेर आला होता. मंगळवारपासून ती तिला कुठेच ठेवता आली नव्हती, घरीही नाही, ऑफिसातही नाही. तिने दांडा आत ढकलायचा प्रयत्न केला. तो मावत नव्हता.

"केळव्याच्या रिक्षा कुठून सुटतात?" तिने विचारलं. वर्षभर ती या गावात राहत होती.

मंदाने हाताने दाखवलं. स्टेशनच्या पश्चिमेला, माहीमवरून जातात त्याच. देवळापाशी उतरायचं आणि मागच्या आळीने सरळ जायचं.

"फाटक हुडकत बसू नका," ती म्हणाली. "तिथं फाटक न्हाई."